वेताळाचे दात, वेताळाचा प्रश्न

मराठी समीक्षेला भुताखेतांचे वावडे आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचकांनी वाचायचे आणि समीक्षकांनी 'रंजनपर' असा शिक्का मारून बाजूला ठेवायचे, हा आपल्याकडचा रूढ संकेत. या उपेक्षेची किंमत आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाच्या 'थामा' (२०२५) या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने तपासता येते. एक पत्रकार जंगलात भेटलेल्या बेताळ-स्त्रीच्या प्रेमात पडतो आणि पुढे स्वतःच बेताळ होतो. या स्थित्यंतरावर तेथील विनोद उभा आहे. अशा कृतींबाबत दोनच भूमिका संभवतात असे मानले जाते. एक, धंदेवाईक म्हणून नाक मुरडणे. दुसरी, पाश्चात्त्य व्हॅम्पायरला देशी वेताळाने दिलेले उत्तर म्हणून गौरव करणे. पहिली केवळ आळशी आहे. दुसरी दिशाभूल करणारी आहे, आणि म्हणून तिचाच प्रतिवाद करणे अगत्याचे आहे.

वेताळ म्हणजे व्हॅम्पायर, हे समीकरण देशी नव्हे. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथांपैकी अकरा कथा निवडून, त्यांत मनसोक्त भर घालून इंग्रजी वाचकाला सादर केल्या आणि ग्रंथाच्या शीर्षकातच वेताळाचे 'व्हॅम्पायर' असे नामांतर केले. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आला. याउलट सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' मराठीत १८३० मध्येच छापली गेली होती. तेव्हा वासाहतिक भाषांतरकाराने दुकानावर लावलेली पाटी दीडशे वर्षांनी आपल्याकडे परत येते आणि आपण तिला परंपरा म्हणून ओवाळतो. देशीयता नावात नसते. ती संकल्पनेच्या घडणीत असते.

ही घडण पाहू. व्हॅम्पायर दंशाने आपली जमात वाढवतो. त्याचे सूत्र संसर्गाचे, त्याचे फळ व्यक्तिगत अमरत्वाचे. म्हणूनच तो प्रणयकथेला सोयीचा: दोघांचे जग, आणि त्याला अंत नाही. वेताळ कोणाला वेताळ करीत नाही. तो प्रेतात वस्तीला येतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल. तो बोलला तर मौन मोडले म्हणून प्रेत पुन्हा झाडावर जाते. पंचविशीतला विनोद या रचनेत आहे. शहाणपणाचीच शिक्षा भोगणारा राजा रात्रभर त्याच वाटेने येरझाऱ्या घालतो, आणि प्रत्येक फेरीत न्यायाचा एक नवा पेच उभा राहतो. 'थामा'ने वेताळाचे दात ठेवले आणि प्रश्न काढून घेतला.

या घडणीचा भूगोल जुन्नर-आंबेगावच्या परिसरात अजून वाचता येतो. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे. आणि वेताळकथा ज्या 'कथासरित्सागरा'त येतात, तो ग्रंथ आपले मूळ एका सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त सांगतो. आख्यायिका अशी की, गुणाढ्याने ती पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि राजाने ती नाकारली. रक्त येथे पिण्याचे नव्हे, लिहिण्याचे द्रव्य आहे. जुन्नरच्याच तुळजा लेण्यांत बौद्ध चैत्याशेजारी देवी आली. लेण्याद्रीच्या विहारात गणपती आला. दामोदर कोसंबींनी या परिसरातील लेणी आणि लोकदैवते यांचा एकत्र विचार केला, तो यासाठीच. येथे 'होणे' या क्रियापदापेक्षा 'येणे' हे क्रियापद अधिक अर्थवाही ठरते. देव अंगात येतो, चार लोकांसमक्ष येतो, त्याला प्रश्न विचारले जातात आणि तो जातो. हे स्थित्यंतर सार्वजनिक असते व तात्पुरते असते; व्हॅम्पायरचे खाजगी असते आणि कायमचे.

विनोदाने एवढे ओझे का वाहावे, असा आक्षेप येईल. उत्तर असे की, भयाचा विनोद करायचा तर ते भय कोणाचे, हे विचारणे भाग आहे. 'थामा' दिवाळीत प्रदर्शित झाला. त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्नर वनविभागातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने माणसे मारली; संतप्त लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला; शेतात जाताना गावकऱ्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले. मानेवरचा दात एकीकडे शृंगाराचा संकेत होता आणि दुसरीकडे उसाच्या फडातले वास्तव. चित्रपटाने बिबट्या दाखवावा, अशी बाळबोध मागणी येथे नाही. सह्याद्रीतल्या ज्या लोकमानसाने वाघाला 'वाघोबा' म्हणून शेंदूर लावला, त्याने भयाशी नाते जोडताना थट्टेलाही जागा ठेवली, कारण ते भय त्याच्या दाराशी होते. उसनवार दातांना कोणी भीत नाही. म्हणून त्यांच्यावरचे हसूही स्वस्त पडते.

याचा दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही. वेताळ, मुंजा, हडळ, डाकीण यांच्यातील भेद ज्या समीक्षेने कधी मांडलाच नाही, तिला आज त्यांची सरमिसळ झाली म्हणून तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत लोकसाहित्य एका खणात आणि भयकथा खणाबाहेर, ही वाटणी जोवर टिकून आहे, तोवर आपली भुते आपल्याला परभाषेतूनच भेटणार. प्रेत खांद्यावर आहे आणि प्रश्न विचारला गेला आहे. उत्तर ठाऊक असून समीक्षा गप्प राहिली, तर पुढे काय होते हे पंचविशीने सांगूनच ठेवले आहे.