एका फाईलीतले दोन रिपोर्ट

बँकेत छत्तीस वर्षे काढली, की कागद सांभाळून ठेवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. आमच्या लोखंडी कपाटात वैद्यकीय कागदांची एक स्वतंत्र फाईल आहे. तीत बत्तीस वर्षांच्या अंतराने आलेले दोन रिपोर्ट आहेत. पहिला १९९१ सालचा, माझ्या सौभाग्यवतींचा. दुसरा २०२३ सालचा, नऊ वर्षांच्या नातवाचा. दोघांचाही आजार एकच, विषमज्वर, म्हणजेच टायफॉइड. जंतूही एकच, साल्मोनेला टायफी. औषधांची यादी मात्र जवळजवळ उलटी झालेली आहे.

१९९१ मध्ये मी एका तालुक्याच्या शाखेत होतो. सौ.ना क्लोरॅम्फेनिकॉल सुरू होते. आठव्या दिवशीही ताप १०३ च्या खाली येईना. जिल्ह्याच्या गावाहून ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांपुढे ‘आर’ हे अक्षर होते. ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. त्या वेळी नव्या असलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ‘एस’ होते, म्हणजे जंतू दाद देतो. त्या एका अक्षराने आमचे घर सावरले. नातवाच्या रिपोर्टात त्याच सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ‘आर’ आहे आणि क्लोरॅम्फेनिकॉलपुढे ‘एस’!

असे का झाले, याचा इतिहास उद्बोधक आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर प्रथम वापरले गेले. त्यापूर्वी शंभरातले दहा-वीस रुग्ण दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास आले. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूच्या साथी आल्या. १९९० च्या सुमारास तिन्ही जुनी औषधे एकदम निकामी ठरू लागली. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा सर्रास वापर झाला आणि काही वर्षांत तेही बोथट झाले. दरम्यान क्लोरॅम्फेनिकॉल मागे पडले आणि वापर थांबताच अनेक ठिकाणी जंतू त्याला पुन्हा दाद देऊ लागला. (म्हणून ते स्वतःहून घ्यावे असे नाही, अस्थिमज्जेवर त्याचा क्वचित पण गंभीर दुष्परिणाम होतो.)

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. जंतूची उग्रता वेगळी आणि औषधाला न जुमानण्याची शक्ती वेगळी. उग्रता ही या जंतूची वडिलोपार्जित मालमत्ता आहे. त्याच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचे शर्करेचे आवरण असते. त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना तो सहज ओळखू येत नाही. ज्या पेशींनी त्याला गिळून मारायचे, त्यांच्याच पोटात तो मुक्काम करतो आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा येथपर्यंत पोहोचतो. उपचार झाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. बऱ्या झालेल्या काहींच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षे राहतो. न्यूयॉर्कची मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट असूनही हा आजार पसरवीत राहिली आणि तिला आयुष्याची सव्वीसएक वर्षे विलगीकरणात काढावी लागली.

औषधाला न जुमानण्याची शक्ती मात्र बव्हंशी उसनवारीची असते. जंतू एकमेकांना प्लाझ्मिड नावाचे जनुकांचे छोटे वर्तुळ देतात. त्यांच्या व्यवहाराला ना जामीनदार लागतो ना तारण. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांताच्या हैदराबादेत पाच प्रकारच्या औषधांना न जुमानणारा विषमज्वर उद्भवला. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी हुकमी असे ॲझिथ्रोमायसिन तेवढे उरले. त्या जंतूची नवी जनुके बहुधा आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूकडून आलेल्या प्लाझ्मिडवर होती. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर आपण उगाच प्रतिजैविक घेतो, तेव्हा सर्दीचे काहीच बिघडत नाही. आतड्यातले साधे जीवाणू मात्र त्या औषधाला सरावतात. पुढे कधीतरी तीच कला ते दुष्ट पाहुण्याला उसनी देतात.

अशा जंतूचा ताप अधिक कडक असतोच असे नाही. त्याला मिळतो तो वेळ. चुकीच्या औषधात दिवस जातात आणि तो घातक तिसरा आठवडा जवळ येतो.

आता आमची चूक सांगतो. नातवाला ताप आला तेव्हा घरात सेफिक्झिमच्या उरलेल्या गोळ्या होत्या. सूनबाई नको म्हणत असतानाही मीच त्या दोन दिवस दिल्या. ताप उतरला नाही, म्हणून बंदही मीच केल्या. योग्य औषध असले तरी विषमज्वराचा ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात, हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी विचारले, “काका, घरी काही गोळ्या दिल्या का?” मी मान खाली घातली. पहिल्या ब्लड कल्चरमध्ये काहीच उगवले नाही, कारण अर्ध्या औषधाने जंतू मेले नव्हते, पण तपासणीत सापडण्याइतके उरलेही नव्हते. दुसऱ्या खेपेस रक्त घेतले तेव्हा निदान झाले. मधले पाच दिवस त्या पोराने माझ्या शहाणपणाची किंमत मोजली. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा हाच धोका सांगून ठेवला होता.

दिलासा देणारी बाजूही आहे. जंतूचे व्हीआय आवरण हेच आजच्या संयुग्मित लशीचे लक्ष्य आहे; ज्या आवरणाआड तो लपतो, तेच ओळखायला ती शरीराला शिकवते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांना ही लस दिली. सिंधमध्येही २०१९ साली ती मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. लस घेतलेले मूल आजारी पडण्याचा संभव कमी, म्हणजे प्रतिजैविकाची गरजही कमी. आपल्या घरांत पाणी गाळून उकळण्याची रीत आहेच. गाळण्याने हा जंतू जात नाही, उकळण्याने मरतो. मात्र बाहेरचे सरबत आणि बर्फ घरची शिस्त पाळत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत. सेफिक्झिमसारखी औषधे एच-१ अनुसूचीत येतात. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यांची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. गिऱ्हाईक परत पाठवणे व्यापाऱ्याच्या जिवावर येते, हे मी जाणतो. पण पत नसलेल्याला कर्ज नाकारणारा अधिकारी बँकेचे नुकसान करीत नाही. गिऱ्हाइकांनीही दुकानदाराला गळ घालू नये. ताप तीन दिवसांपुढे गेला, तर पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चरविषयी डॉक्टरांना विचारावे; एकट्या विडाल चाचणीवर भिस्त ठेवू नये. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि उरलेली गोळी पुढच्या तापासाठी ठेवू नये.

आमच्या कपाटात आता फाईल आहे. गोळ्यांचा डबा सूनबाईंनी काढून टाकला. नातवाच्या रिपोर्टात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिॲक्सोन यांच्यापुढे अजून ‘एस’ आहे. त्याच्या मुलांच्या रिपोर्टातही ते अक्षर राहावे, एवढीच इच्छा आहे.