खंजिरी आहे, खुर्ची नाही

नवरात्रात नागपूरजवळच्या कोराडीला सुरांची वानवा नसते. महालक्ष्मी जगदंबेच्या देवळाकडे रांग सरकत असते आणि भजनी मंडळांचे टाळ तासन्‌तास थांबत नाहीत. तुकडोजी महाराजांनी घरोघरी नेलेली खंजिरी विदर्भात आजही तितक्याच जोरात वाजते. भजनाने जिवाला बरं वाटतं, हे इथल्या माणसाला डॉक्टरने सांगायची गरज नाही. मात्र त्याला उपचार म्हणायचं, तर आधी तपासणी हवी, काय साधायचं ते ठरलेलं हवं, नोंदी हव्यात आणि चुकलं तर जाब देणारा माणूस हवा. संगीतोपचाराच्या नावावर आपल्याकडे जे खपतं, त्यात बहुतेकदा यातलं काहीच नसतं.

अमुक राग रक्तदाबावर, तमुक मधुमेहावर, अशा याद्या मोबाइलवर फिरतात. पं. ओंकारनाथ ठाकुरांनी पुरिया गाऊन मुसोलिनीला झोपवल्याची गोष्ट पुरावा म्हणून पुढे केली जाते. गोष्ट झकास आहे, पण तो केसपेपर नव्हे.

खरं काम फार चिकाटीचं असतं. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका बसलेल्या काही रुग्णांना साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण पाठ असलेली आरती मात्र ते म्हणतात. १९७३ साली अमेरिकेत अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी याच गोष्टीवरून एक पद्धत मांडली. मराठीत ती अशी चालेल : ‘पाणी दे’ हे शब्द वरच्या-खालच्या दोनच सुरांत बसवायचे आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग उपचारकाने मध्येच गप्प व्हायचं. शेवटी ‘काय पाहिजे?’ असं विचारायचं आणि हळूहळू चालही काढून घ्यायची. आरती पुरी झाली म्हणजे जमलं असं नाही. बायकोकडे पाणी मागता आलं, तर जमलं.

कंपवाताच्या रुग्णाचंही तेच. आधी त्याची मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजायचं, मग ठोक्यांची लय किंचित वाढवत त्यावर चालवायचं. तिथे आपली खंजिरीही चालेल, फक्त ठोके मोजून.

आणि दर वेळी यश येतंच असं नाही. नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवरचा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. उत्स्फूर्त संगीतोपचाराने त्यांच्या लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडला नाही, असं त्यात दिसलं. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या त्याच वर्षीच्या आढाव्यात मात्र नैराश्यावर, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, थोड्या काळापुरता फायदा नोंदला गेला. अपयशही छापून येतं, म्हणून तर या शाखेवर थोडा विश्वास ठेवावासा वाटतो.

अमेरिकेत मिशिगनला संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम १९४४ साली सुरू झाला. तिथे आज १,२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला संगीतोपचारक म्हणवणं गुन्हा आहे. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात शिक्षणाची सोय झाली, पण शिकून बाहेर पडलेल्याने बसायचं कुठे? सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली कायदा आला. त्याच्या यादीत कला, नृत्य आणि हालचालींवर आधारलेल्या उपचारांचा नावानिशी उल्लेख आहे, संगीताचा नाही. खेळ-करमणुकीच्या उपचारांत ते ओढूनताणून बसवता येईल म्हणा!

नुसती यादी दुरुस्त करूनही भागणार नाही. कोराडीचा माणूस दुखणं वाढलं की नागपूरला मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठतो. तिथे वाचा-उपचार आणि फिजिओथेरपीच्या जोडीला एक पद मंजूर व्हावं, प्रादेशिक मनोरुग्णालयात दुसरं. महाल बांधायचा नाही. एक खोली, चार वाद्यं आणि नोंदवही पुरे. पगार मात्र नियमित हवा, कारण मानधनावरचा माणूस वर्षभरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसतो.

तोवर ‘रागचिकित्सा’ अशी पाटी दिसली, तर घरच्यांनी आत शिरण्याआधी विचारावं : शिकलात कुठे, कुणाच्या देखरेखीखाली किती तास काम केलंत, महिन्याने काय मोजून दाखवाल आणि आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? आणि समोरचा गोळ्या बंद करा म्हणाला, तर फी न भरता बाहेर पडावं.