नानांची घरपट्टी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी काय लिहिणार, असे संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारले तेव्हा मी म्हटले, ‘घरपट्टीवर.’ ती हसली. ‘अगं, पावसावर लिही, आईवर लिही. घरपट्टीवर कुणी लिहितं का?’ तिचे बरोबर आहे. या अंकाची जुनी पाने चाळली तर पाऊस आणि आई यांना तोटा नाही. पण आमच्या घरात गेल्या वर्षभरात आई रडली ती घरपट्टीमुळे, आणि नाना व अण्णा आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत तेही घरपट्टीमुळेच. तेव्हा वाचकांनी एवढ्या एका वेळेस पाऊस माफ करावा.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. ते बॉम्बे सॅपर्समध्ये होते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झाले. सारी फौज सरहद्दीवर जाऊन उभी राहिली. युद्ध काही झाले नाही, पण शेतांत आणि वाळूत सुरुंग पेरले गेले आणि ते पेरताना व पुढे काढताना कितीतरी जवान मेले, जखमी झाले. राजस्थानात अशाच एका सुरुंगाने नानांचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवून दिला. तो माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरात आहे. रात्री तो खाटेखाली उभा असतो. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच चुलत्यांचा एक पाय रात्री काढून ठेवायचा असतो. सरकारी कागदात आता ‘दिव्यांग’ असा शब्द आहे. नाना स्वतःला सरळ लंगडा म्हणतात.

आमचे गाव सिन्नर तालुक्यात. रोज सकाळी एसटीने मी नाशिकला येते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि माझी फी नानांच्या पेन्शनमधून जाते. त्यामुळे मी त्यांच्या बाजूने लिहीत आहे असा कुणी आरोप केला तर तो मला आधीच मान्य आहे.

आता मुद्द्यावर येते. आपल्या राज्यात २०२० साली शासनाने सर्व माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराचा मालमत्ता कर माफ केला. त्याआधी ही माफी शौर्यपदक मिळवणाऱ्यांपुरती आणि विधवांपुरती होती. गावात ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ, शहरात नगरपालिका-महापालिकेची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडायचा आणि अर्ज करायचा. निर्णय चांगला आहे, हे मी प्रथमच सांगून टाकते. नाशिकसारख्या गावात तर त्याचे महत्त्व सांगायलाच नको. नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. निवृत्त होऊन इथेच घर बांधलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. २०१८ मध्ये महापालिकेने मालमत्तांचे करयोग्य मूल्य वाढवले तेव्हा शहरभर किती ओरड झाली होती! घरपट्टी हा विषय बोजड वाटतो तो ती भरावी लागत नाही तोपर्यंत.

नानांना ही माफी पुष्कळ उशिरा कळली, तीही लग्नाच्या पंगतीत भेटलेल्या एका जुन्या हवालदाराकडून. मग त्यांनी नाशिकला जाऊन दाखला आणला, डिस्चार्ज बुकाची नक्कल काढली आणि अर्ज घेऊन ते ग्रामपंचायतीत गेले. त्या कार्यालयाला तीन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही. (कठडा नाही हे मला तिथे नानांना घेऊन गेले तेव्हा प्रथम दिसले, तोवर त्या पायऱ्या मी उड्या मारीत चढत असे.) तिथल्या माणसाने नमुना ८ चे रजिस्टर काढले, पान उलटले आणि म्हणाला, ‘नाना, घर कुठं तुमच्या नावावर आहे? हे तर बाबांच्या नावावर आहे.’

बाबा म्हणजे माझे आजोबा. ते जाऊन चौदा वर्षे झाली. पण पावती अजून त्यांच्याच नावाने फाटते. आमच्याकडे निम्म्या गावाचे असेच आहे. गावात जितकी माणसे राहतात त्याहून अधिक वारलेली माणसे घरपट्टी भरतात.

‘मग वारसांची नावं लावा,’ नाना म्हणाले.

‘लावू की. पण मग चौघं होतील. तुम्ही, अण्णा, म्हातारी आणि तुमची बहीण. चौघांतल्या एकाची माफी मी कशी लिहू? त्यापेक्षा तिघांचं हक्कसोडपत्र आणा. घर तुमच्या एकट्याच्या नावावर होऊ द्या, लगेच करतो.’

त्या माणसाचा मला राग आला नाही, आजही येत नाही. त्याच्यापुढे रजिस्टर होते आणि रजिस्टरात एकच रकाना होता.

त्या संध्याकाळी घरात जे झाले ते मी थोडक्यात लिहिते, कारण ते माझ्या माणसांचे आहे. अण्णा म्हणाले, ‘करतो सही. त्यात काय? पाय गेलाय त्याचा.’ आई चुलीपुढून उठली. ती एरवी दिरापुढे मोठ्याने बोलत नाही. ‘आज घरपट्टीसाठी सही करा, उद्या घरासाठी करा. भाऊजी चांगलेत हो, पण कागद कुणाच्या मागं कुणाकडं जाईल? मी पोरीला घेऊन कुठं जाऊ?’ नाना काही बोलले नाहीत. त्यांनी पाय काढला, खाटेखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आणि आत्या? आत्याची सही सगळ्यांनीच गृहीत धरली होती. तिला विचारावे असे कुणाच्याही मनात आले नाही, नानांच्याही नाही. हे मला त्या वेळी खटकले नाही. लिहिताना खटकते आहे.

किती रुपयांसाठी हे सारे? आमच्या घराची घरपट्टी आहे ६८० रुपये. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी वेगळी. वर्षाला ६८० रुपये वाचवायचे तर दोन भावांचे घर एकाच्या नावावर करावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे की, ही माफी माणसाला दिलेली दिसते, पण ती खरी मिळते घराला. ज्याचे गंगापूर रोडवर स्वतःच्या नावाने बांधलेले दुमजली घर आहे त्याचे हजारो रुपये वाचतात. नानांसारख्या एकत्र घरातल्या माणसाला अडथळा, आणि जो भाड्याच्या खोलीत राहतो त्याला तर काहीच नाही. त्यातही ज्याचे हातपाय शाबूत आहेत आणि निवृत्तीनंतर ज्याला दुसरी नोकरी लागली आहे, तो आणि नाना एकाच रांगेत. सैनिकांत भेद करू नये असे कुणी म्हणेल. सन्मान करायचा असेल तर करू नये. पण मदत करायची असेल तर भेद केलाच पाहिजे. ज्याचे अधिक गेले त्याला अधिक दिले पाहिजे.

परदेशात हे कसे करतात ते मी ग्रंथालयात वाचून पाहिले. अमेरिकेत घरावरचा कर पुष्कळ मोठा असतो, शाळासुद्धा त्यावर चालतात. तिथल्या टेक्सास राज्याने २००९ पासून पूर्ण अपंग ठरलेल्या माजी सैनिकाला राहत्या घरावरचा कर पूर्ण माफ केला आहे. अपंगत्व कमी असेल तर सूटही त्या प्रमाणात कमी. म्हणजे माप शरीराच्या हानीचे आहे. पण तिथेही घर स्वतःचे लागतेच, आणि तिथे एक वेगळीच अडचण निघाली. मोठ्या छावणीला लागून असलेल्या किलीनसारख्या शहरात माजी सैनिकच इतके की शहराचे उत्पन्न घटले. शेवटी अशा शहरांना राज्याने आपल्या तिजोरीतून काही भरपाई द्यायला सुरुवात केली.

हे वाचताना मला साताऱ्याजवळचे आपशिंगे आठवले, ज्याला लोक आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे घरोघरी फौजेत जाण्याची रीत आहे. अशा गावात सर्व माजी सैनिकांची घरपट्टी माफ झाली तर रस्त्यावरच्या दिव्याचे बिल कुणी भरायचे? ज्या गावाने देशाला अधिक माणसे दिली त्याच गावाची पेटी अधिक रिकामी! मुंबईत निर्णय घेणाऱ्याने औदार्य दाखवायचे आणि ते ग्रामपंचायतीच्या गल्ल्यातून, हे मला पटत नाही. माफी राज्याने दिली तर बुडालेली रक्कमही राज्यानेच ग्रामपंचायतीला भरून द्यावी.

याचा आणखी एक धागा आहे, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. हे स्वतःचे उत्पन्न कशाचे? मुख्यतः घरपट्टीचे. म्हणजे नानांची ६८० रुपयांची घरपट्टी माफ झाली की गावातल्या अपंगांच्या वाट्याचे ३४ रुपये गेले. रक्कम हास्यास्पद आहे, मान्य. पण एका अपंगाला दिलेली सवलत दुसऱ्या अपंगाच्या पानातून वाढली जावी हे हास्यास्पद नाही.

आणि हा दुसरा अपंग मला दूर शोधायला नको. अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली गेली, मी चौथीत होते तेव्हा. ते कंत्राटदाराकडचे कामगार. हजेरीपटावर त्यांचे नावच नव्हते. कंत्राटदाराने दवाखान्याचे बिल आणि पाच हजार रुपये दिले. दाखला काढायला गेले तर टक्केवारी चाळीसच्या खाली भरली, आणि अपंगांच्या बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासून सुरू होतात. एकाच घरात दोन भाऊ. एकाचा पाय देशासाठी गेला, दुसऱ्याची बोटे कुणासाठी गेली? स्टीलचे जे झाकण त्या प्रेसवर तयार होत होते ते देशातल्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असेल. आमच्या वर्गातल्या एका मुलाने मला हेच विचारले, ‘मग सैनिकालाच का?’ मी त्याला म्हटले, एकाला मिळत नाही म्हणून दुसऱ्याचे काढून घ्यायचे नसते. उत्तर मला सुचले, पण घरी अण्णांसमोर ते म्हणून पाहिले नाही.

आमच्या गावची मुले हल्ली पहाटे सिन्नरच्या रस्त्यावर धावतात. अग्निवीर व्हायचे आहे. २०२२ च्या या योजनेत चार वर्षांची नोकरी, शंभरातल्या पंचवीस जणांना पुढे कायम ठेवणार, बाकीचे परत. सेवेतच अपंगत्व आले तर ५०, ७५ किंवा १०० टक्के याप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख रुपये एकदम. पण चार वर्षे करून परतलेल्याला ‘माजी सैनिक’ हा दर्जा नाही. घरपट्टीची माफी तर त्याच शब्दाला बांधलेली! त्या धावणाऱ्या मुलांपैकी दोघांना मी हे सांगितले. एक म्हणाला, ‘ताई, आमचं घर कुठं पक्कंय?’ आणि दोघे पुढे धावत गेले.

माझी मागणी फार मोठी नाही. सैनिक अपंग असेल तर तो ज्या घरात राहतो त्या घराची माफी त्याला मिळावी. घर एकट्याचे असो, भावांचे असो, वारलेल्या बापाच्या नावावर असो. राहण्याचा पुरावा पुरे धरावा, हक्कसोडपत्र मागू नये. भाड्याने राहत असेल तर तेवढीच रक्कम त्याच्या खात्यात द्यावी. आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना कठडा बसवावा. त्याला तर शासन निर्णयही लागत नाही.

नानांनी तो अर्ज परत दिला नाही. मार्च महिन्यात ते एकटेच ग्रामपंचायतीत गेले आणि थकबाकी न ठेवता सगळे पैसे भरून आले. मी विचारले, ‘नाना, अर्जाचं काय?’ म्हणाले, ‘वहिनीचं बरोबर आहे.’ मग त्यांनी खिशातून पावती काढून आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नाही, म्हणून तिने ती माझ्याकडे दिली आणि मी मोठ्याने वाचली. आधी आजोबांचे नाव, मग घर क्रमांक, मग घरपट्टी ६८०, दिवाबत्ती, आरोग्य. आईने ती पावती पीठाच्या डब्याखाली ठेवली, जिथे आमची सगळी महत्त्वाची कागदपत्रे असतात.