आगीचा अंदाज विटांवरून!

आग लागली की आपण १०१ फिरवतो. पण ती कुठं लागू शकते, हे बंब निघायच्या आधीच कळलं तर? हे ज्योतिष नाही, डेटा आहे!

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. एकाच घरात बेकायदा खोल्या पाडून भाडेकरू कोंबायचे, हा तिथला जुना धंदा. अशी घरं म्हणजे आगीला आमंत्रणच. वर्षाला सुमारे २५ हजार तक्रारी आणि इन्स्पेक्टर जेमतेम २००. मग आधी कुठं जायचं?

माइक फ्लॉवर्स यांच्या टीमनं वेगवेगळ्या खात्यांत पडून असलेली माहिती एकत्र केली. कर थकलाय का? वीज-पाण्याचा वापर अचानक बदललाय का? उंदरांच्या तक्रारी किती? अॅम्ब्युलन्स किती वेळा आली? एकदा फ्लॉवर्स इन्स्पेक्टरसोबत फिरत होते. एक इमारत नुसती पाहूनच तो म्हणाला, इथं काही गडबड नाही. का? तर बाहेरचं विटकाम नवं होतं, म्हणजे मालक काळजी घेणारा. झालं, विटकामाचे परवानेही हिशेबात आले! पूर्वी १०० तपासण्यांमध्ये जेमतेम १३ घरं रिकामी करावी लागण्याइतकी धोकादायक निघायची, नंतर हा आकडा ७० वर गेला. माणसं तेवढीच, फक्त रांग बदलली.

पण एक मेख आहे. जो तक्रारच करत नाही, तो डेटात दिसत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये स्मोक अलार्म मागेल त्याला फुकट मिळायचे. तरी २०१४ मध्ये अलार्म नसलेल्या घरात आगीनं पाच बळी घेतले. त्यानंतर जनगणनेसारख्या आकडेवारीवरून जास्त धोक्याच्या वस्त्या शोधून पालिकाच दारोदार गेली.

आपल्याकडं काय? डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. अशा प्रत्येक आगीनंतर धडाधड तपासण्या होतात, मग सगळं थंड. खरं तर राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ इमारतींनी दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. कुणी दिला नाही, हीच धोक्याची पहिली यादी! ती परवाने आणि तक्रारींशी जोडायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. खात्यांनी एकमेकांशी बोलायला मात्र हवं.

तोवर तुम्ही एवढं करा : सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, ‘काका, आपला फॉर्म बी भरलाय ना?’