अर्जावर सही करण्याआधी

मागच्या महिन्यातील गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास शेवटचा पेशंट गेला आणि मी दवाखान्याचे शटर ओढणार, तोच ओळखीचे पाच-सहा जण आत आले. कुणालाही ताप नव्हता, खोकला नव्हता. एकाच्या हातात टाइप केलेले निवेदन होते. विषय : गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळनंतर उभ्या राहणाऱ्या बायकांचा बंदोबस्त करणेबाबत. खाली साठ-सत्तर सह्या.

"डॉक्टर, तुमची सही सगळ्यांच्या वर पाहिजे," त्यांच्यातले वयाने मोठे असलेले भाऊ म्हणाले. "आणि एक ओळ तेवढी लिहा, की या बायांमुळे वस्तीत रोग पसरतात. डॉक्टरांनी लिहिलं म्हणजे अर्जाला वजन येतं."

मी सही केली नाही. भाऊंना राग आला. त्यांना जे त्या रात्री नीट सांगता आले नाही, ते आज लिहितो आहे. गावाचे आणि गल्लीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. शिरूरकरांनी ते दौंडचे समजावे आणि दौंडकरांनी शिरूरचे.

आधी माझी स्वतःची चूक कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका अर्जावर मी सही केली होती. बायका महिनाभरात तिथून हलल्या. लोकांनी माझे आभार मानले. त्या बायकांपैकी एक माझ्याकडे क्षयरोगाच्या उपचारासाठी येत असे. तिच्या गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर होता. ती एकदम यायची बंद झाली. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा तिला धरून आणावे लागले होते. वजन तीस किलोच्या आत. मी विचारले, "बाई, गोळ्या का सोडल्यास?" ती म्हणाली, "डॉक्टर, कागदावर तुमची बी सही होती म्हणे. मग तुमच्याकडं कशी येऊ?" ती वाचली नाही. त्यानंतर मी असल्या कागदावर सही केलेली नाही.

आता थोडे वैद्यकीय. 'रोग पसरतात' म्हणजे नेमके काय? एचआयव्ही हवेतून, डासातून, नळाच्या पाण्यातून, शेजारी उभे राहिल्याने पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित संबंधातून, दूषित रक्तातून व सुईतून, आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईपासून गल्लीतल्या घरात रोग जायचा असेल, तर मध्ये कुणीतरी पुरुष त्या रस्त्यावर जाऊन घरी परत यावा लागतो. निवेदनात त्या पुरुषाचा उल्लेख कुठेच नव्हता. माझ्या दवाखान्यात लग्नाच्या नवऱ्याखेरीज कुणाचे तोंड न पाहिलेल्या बायका लिंगसांसर्गिक आजार घेऊन येतात. त्यांना तो कुणी दिला, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दुसरी गोष्ट. 1990च्या दशकात मुंबईत या व्यवसायातील स्त्रियांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा निम्म्याच्या आसपास स्त्रियांना लागण आढळत होती. 2021च्या राष्ट्रीय पाहणीत हेच प्रमाण देशपातळीवर दोन टक्क्यांच्या आसपास आले. बायका हाकलल्याने हे झाले नाही. याच स्त्रियांनी निरोध वापरला, गिऱ्हाइकाला वापरायला लावला, तपासणी करून घेतली आणि आपल्यासारख्या दुसरीला दवाखान्यात आणले, म्हणून झाले. एप्रिल 2004पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. पण औषध नियमित घ्यायला माणूस एका ठिकाणी असावा लागतो आणि दवाखान्यावर त्याचा विश्वास असावा लागतो.

गोव्यात वास्कोजवळची बायणा वस्ती 2004 साली बुलडोझर लावून पाडली. धंदा बंद झाला का? बायका गोवाभर पांगल्या, दलालांवर जास्त अवलंबून झाल्या, आणि त्यांच्यापर्यंत निरोध व तपासणी पोचवणाऱ्या कार्यकर्त्यांचा त्यांच्याशी संपर्क तुटला. अभ्यासकांनी हे नोंदवून ठेवले आहे.

आपल्या भागातही हा प्रश्न आभाळातून पडलेला नाही. शिरूर पुणे-नगर महामार्गावर आहे, शेजारी रांजणगावची एमआयडीसी. दौंड मोठे रेल्वे जंक्शन, शेजारी कुरकुंभची एमआयडीसी. घर सोडून आलेले हजारो पुरुष, रात्रीच्या गाड्या, थांबलेले ट्रक. दुसऱ्या बाजूला नवऱ्याने टाकलेली, कर्जात बुडालेली, पोरांची शाळा भागवायची असलेली बाई. हे समर्थन म्हणून सांगत नाही. कारण कळल्याशिवाय इलाज करू नये, एवढेच आम्हाला शिकवले आहे.

कायद्याबद्दलही गैरसमज फार. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा 1956चा आहे. कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, बाईला या धंद्यात ओढणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे, तसेच देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय करणे, हे गुन्हे आहेत. पण सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने, खाजगीत हा व्यवसाय करणे हा गुन्हा नाही. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. पोलिसांनी त्यांना शिवीगाळ वा मारहाण करू नये, जवळ निरोध सापडला तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये, वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख उघड करू नये. आणि अमक्या बाईला एचआयव्ही आहे असे तिच्या संमतीशिवाय चारचौघांत सांगणे 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या विरुद्ध आहे. म्हणजे भाऊंना हवी असलेली ओळ लिहून मीच अडचणीत आलो असतो!

मग गल्लीतल्या लोकांनी गप्प बसायचे का? मुळीच नाही. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. मी भाऊंना म्हटले, "अर्ज पंधरा दिवस थांबवा. आधी बसून बोलू." भाऊ नाराजीनेच हो म्हणाले.

रविवारी सकाळी समाजमंदिरात तीसेक माणसे जमली. पहिला अर्धा तास नुसता आरडाओरडा. मग मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : 'तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो?' आणि आधी बायकांनी बोलावे असे सांगितले. एक वहिनी उठल्या. "माझी पोरगी कॉलेजातून येते. मोटारसायकलवाले तिच्याजवळ गाडी हळू करतात आणि भाव विचारतात. मी काय करू?" सगळे गप्प झाले.

त्या रस्त्यावरच्या स्त्रियांनी सभेला यावे असा आग्रह आम्ही धरला नव्हता. त्यांच्यात आरोग्याचे काम करणाऱ्या ताईंमार्फत फक्त निरोप दिला होता. एक जण स्वतःहून आली आणि मागे बायकांत बसली. तिचे नाव कुणी विचारायचे नाही, असे आधीच ठरले होते. वहिनी खाली बसल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीला तरास देणारा माणूस आमाला बी सोडत नाही. पैसे बुडवतो, मारतो. पोलिसात जायची सोय नाही. कोपऱ्यावरचा दिवा लागला तर आमाला बी बरं." एवढे बोलून ती थोड्या वेळाने निघून गेली.

त्यानंतर सभेचा सूर बदलला. सगळ्यांचा नव्हे. दोघे उठून गेले आणि एक गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण तीन गोष्टी ठरल्या. दिव्यासाठी अर्ज द्यायचा. मोटारसायकलवाल्यांचे नंबर टिपून पोलिसांना द्यायचे. आणि शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळी त्या रस्त्यावर कुणी उभे राहू नये, हा निरोप ताईंमार्फत पाठवायचा. निरोप गेला आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो आहे. जुना अर्ज भाऊंच्या कपाटात आहे. पुढे तो बाहेर निघेल की नाही, मी सांगू शकत नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. सांगलीत 1992पासून 'संग्राम' ही संस्था मीना सेषू व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. 1996मध्ये तिथल्या स्त्रियांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' काढली. वस्तीतील भांडणे मिटवायला त्यांनी आपल्या तंटामुक्ती समित्या केल्या. ज्या बायकांना आपण 'प्रश्न' म्हणतो, त्यांनीच आपले प्रश्न सोडवायला घेतले.

वाचकहो, तुमच्या गल्लीत अशी बैठक घ्यायची झाली तर काही पथ्ये पाळा. बैठक कुणा पक्षाच्या बॅनरखाली नको. मुख्याध्यापक, नर्सबाई, डॉक्टर अशा कुणी बोलवावी. जमले तर निम्म्या स्त्रिया असाव्यात. फोटो नको, मोबाइलवर चित्रण नको. 'रांड', 'धंदेवाली' हे शब्द दाराबाहेर ठेवावेत. कुणाचे नाव, घर, आजार यांची चर्चा नको. त्या स्त्रियांना यायचे असेल तरच यावे, नाही तर निरोप पुरे. 'बायका हटवा' ही तक्रार होत नाही. अंधार, दारू, छेडछाड, कचरा, दलाल ही तक्रार झाली. ती एकेक करून लिहा.

एका गोष्टीत मात्र चर्चा नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतील वाटली किंवा कुणाला जबरदस्तीने डांबल्याचा संशय आला, तर बैठकीची वाट पाहू नका. लगेच 112ला किंवा मुलांसाठी 1098ला फोन करा. तिथे गप्प बसणे म्हणजे गुन्ह्याला साथ देणे.

आणि पुरुष वाचकांना वेगळे सांगतो. ज्यांना स्वतःबद्दल शंका असेल त्यांनी सरकारी रुग्णालयातील तपासणी केंद्रात जावे. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत होते आणि गुप्त राहते. असुरक्षित संबंध येऊन गेला असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. लागण टाळणारी औषधे असतात, पण वेळ दवडून चालत नाही. गरमी वेळीच सापडली तर पेनिसिलिनने बरी होते. कुणाशी बोलायची लाज वाटत असेल तर 1097 हा फोन आहे.

परवा रात्री घरी जाताना पाहिले, कोपऱ्यावरचा दिवा लागलेला होता. त्याखालून वहिनींची मुलगी सायकलवरून गेली. जरा पुढे ती बाई उभी होती. तिने मला पाहिले आणि पदर सावरून विचारले, "डॉक्टर, उद्या दवाखाना उघडा हाय का?"

मी म्हटले, "आहे. सकाळी दहाला या."