रकान्यांच्या ओळी आणि एक शून्य

परीक्षेचे गुण भरायचे दिवस आले, की आमच्याकडे जेवणे उशिरा होतात. गेल्या सत्रात माझ्या हाती साठ मुलांची यादी होती. नावापुढे मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन उभे रकाने. कार्यालयाला मात्र एका ओळीत एक मूल, एक विषय आणि गुण असे हवे होते. म्हणजे १८० ओळी!

एक्सेलमधले ट्रान्सपोज सूत्र तक्ता नुसता आडव्याचा उभा करते. इथे ते पुरेना. मग शाळेतला भागाकार आठवला. नव्या ओळींना शून्यापासून क्रमांक द्यायचे आणि तीनने भागायचे. भागाकारावरून मूल कळते, बाकीवरून विषय. उदाहरणार्थ, क्रमांक ७. भागाकार २, बाकी १. शून्यापासून मोजल्यामुळे दोन्हींत एकेक मिळवायचा. तिसरे मूल, दुसरा विषय, म्हणजे कन्नड. हे आकडे इंडेक्स सूत्राला दिले, की गुण आपोआप येतात.

सगळे जमले म्हणेपर्यंत एका मुलीच्या कन्नडपुढे शून्य दिसले. ती तर आजारी होती, परीक्षेला बसलीच नव्हती! कोरा चौकोन आला, की हे सूत्र शून्य दाखवते. पाहिले नसते तर ती नापास ठरली असती. आता ‘चौकोन कोरा असेल तर गैरहजर लिही’ अशी अट मी सूत्रात घातली आहे.

तरीही यादी पाठवण्यापूर्वी दोघांनी मिळून ताडून पाहावी. आमच्या घरी लेक आकडे कन्नडमध्ये वाचते आणि मी मराठीत ‘बरोबर’ म्हणतो.