फिलिपिनो जनतेची श्रद्धा आणि जमिनीचा प्रश्न

फिलिपाइन्सचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन ठरीव मते ऐकावयास मिळतात. पहिले मत असे की, १९८६ साली मनिलाच्या रस्त्यावर रणगाड्यांपुढे गुडघे टेकून जपमाळ ओढणाऱ्या जोगिणींनी मार्कोसची हुकूमशाही उलथवली; सबब चर्च हीच त्या देशातील लोकशाहीची खरी जननी होय. दुसरे मत याच्या नेमके उलट. मे २०२२ मध्ये त्याच मार्कोसचा मुलगा प्रचंड मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा आपल्यातील काही साथी हसून म्हणाले, “साडेतीनशे वर्षे पाद्र्यांपुढे गुडघे टेकलेल्या लोकांकडून आणखी कसली अपेक्षा ठेवावयाची?” या दोन्ही मतांत वरवर जमीनअस्मानाचे अंतर असले तरी त्यांची चूक एकच आहे. दोघेही बिशपच्या वाड्यालाच जनता समजतात. श्रद्धा कोणाची आणि संस्था कोणाची, हा भेद ज्याला करता येत नाही त्याला फिलिपाइन्सच नव्हे, कोणत्याच श्रद्धाळू समाजाचा इतिहास कळावयाचा नाही. आणि आपल्याला काम करावयाचे आहे ते श्रद्धाळू समाजातच.

हा धर्म तेथे स्पॅनिश गलबतांतून आला, यात वाद नाही. १५२१ च्या एप्रिलमध्ये मॅगेलनने सेबू बेटाच्या राजा हुमाबोनला सपरिवार बाप्तिस्मा दिला, राणीला बाळ येशूची मूर्ती भेट दिली, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस शेजारच्या माक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांनी त्याला ठार केले. खरी वसाहत १५६५ साली लेगास्पी आला तेव्हापासून. पण मूठभर शिपाई घेऊन शेकडो बेटांवर राज्य करणे तलवारीच्या एकट्या बळावर शक्य नव्हते. ते काम ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि रेकोलेक्ट या पंथांच्या संन्याशांनी केले. बिशप नेमावयाचा राजाने, पाद्र्यांचा खर्च द्यावयाचा राजाने, अशी ती व्यवस्था होती. विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचेल इतक्या अंतरात आणून बसविण्यात आले. घंटेखाली राहणारा तो माणूस. डोंगरात पळाला तो रानटी आणि बंडखोर. गावात कर कोणावर किती, वेठीला कोणी जावयाचे, चालचलणुकीचा दाखला कोणास द्यावयाचा, हे सारे पाद्रीच पाहू लागला. बहुतेक गावांना स्पेनचे सरकार म्हणून दिसले ते या एका झग्याच्या रूपानेच.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या संन्याशांनी लोकांना स्पॅनिश शिकविली नाही, आपण होऊन त्यांच्या भाषा शिकल्या. १५९३ साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती धर्मबोधाच्या पुस्तकात स्पॅनिशबरोबर तागालोग आहे. मनिलाचा पहिला बिशप दोमिंगो दे सालाझार हा वतनदारांच्या जुलुमाविरुद्ध राजाकडे तक्रारी करीत राहिला. जो धर्म आपल्या बोलीत बोलतो आणि कधीमधी आपल्या बाजूने बोलतो, तो परक्याचा असूनही माणूस आपला करून घेतो. बाटविले म्हणून बाटले, एवढ्यावर हिशेब संपविणाऱ्यांनी इकडे लक्ष दिलेले नाही.

पण मग जमीन आली. आपल्याकडे शेटजी आणि भटजी हे निदान दोन इसम होते. फिलिपाइन्समध्ये ते एकाच झग्यात सामावले. राजाची देणगी, मरणाऱ्याचे दान, गहाणवट आणि उघड बळकावणी अशा नाना वाटांनी संन्यासी पंथांकडे जमिनी जमल्या. स्पॅनिश राजवटीच्या अखेरीस, मनिलाच्या आसपासच्या सुपीक प्रांतांतील पुष्कळशा जमिनीसह, सुमारे चार लाख एकर त्यांच्या मालकीचे होते आणि साठ हजारांच्या आसपास कुळे त्यावर राबत होती. वरती पंथ मालक, मध्ये खंडाने जमीन घेणारा मक्तेदार, आणि तळाशी अर्धेलीने कसणारा ‘कासामा’. (हा शब्द मोठा बोलका आहे. कासामा म्हणजे सोबती. अर्धेलीच्या कुळाला तेथे सोबती म्हणत, आणि आज तेथील डावे कार्यकर्ते एकमेकांना याच शब्दाने हाक मारतात.)

या तळच्या माणसाने चर्चकडून जे घेतले त्याचा उपयोग त्याने चर्चला अपेक्षित नव्हता तसा केला. येशूच्या यातनांची पद्यकथा, ‘पासिओन’, ही तेथील खेड्यांत पवित्र सप्ताहात दिवसरात्र गायिली जाते; आपल्याकडील पारायणाची आठवण व्हावी असाच तो प्रकार. रेनाल्डो इलेतो या फिलिपिनो इतिहासकाराने १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, पाद्र्यांनी सहनशीलता शिकविण्यासाठी दिलेल्या या कथेतून खेडुतांनी निराळाच अर्थ काढला. एका गरीब सुताराचा मुलगा, अडाणी कोळी त्याचे सोबती, आणि त्याला सुळावर देणारे कोण, तर धर्माचे अधिकारी आणि परकीय राज्यपाल! हा अर्थ कोणी पढविण्याची गरज नव्हती.

लुकबान गावचा आपोलिनारिओ दे ला क्रूझ हा तरुण संन्यासी होण्यासाठी मनिलास गेला. तो ‘इंडिओ’, म्हणजे एतद्देशीय, म्हणून त्याला प्रवेश नाकारला गेला. १८३२ साली त्याने संत जोसेफच्या नावे एतद्देशीयांचे एक मंडळ काढले. प्रार्थना करण्यापलीकडे त्यांचा गुन्हा नव्हता. परंतु प्रार्थनेला मान्यता मागितली तेव्हा ती नाकारण्यात आली, आणि पाद्र्यावाचून देवाशी बोलणारे हजारो शेतकरी एकत्र येताहेत हे पाहून १८४१ मध्ये सैन्य धाडण्यात आले. शेकडो माणसे मारली गेली. चार नोव्हेंबरला त्याचा वध झाला आणि त्याचे शिर लोकांना धाक बसावा म्हणून टांगण्यात आले. ‘एर्मानो पुले’ या नावाने लोक त्याला आजही ओळखतात. हा माणूस अफूच्या गुंगीत होता असे म्हणावयाचे असेल तर, मग सरकारला एका गुंगलेल्या माणसाचे भय का वाटावे, याचे उत्तर द्यावे लागेल. मार्क्सने अफूची उपमा दिली हे ज्यांना पाठ आहे त्यांनी त्याच परिच्छेदात धर्माला पीडितांचा उसासाही म्हटले आहे हे विसरू नये.

चर्चच्या आतही हीच रेषा ओढली गेली होती. एतद्देशीय पाद्र्यांना गावची धर्मपीठे द्यावयाची की ती गोऱ्या संन्याशांच्याच ताब्यात ठेवावयाची, हा झगडा शंभर वर्षे चालला. २० जानेवारी १८७२ रोजी काविते येथील शस्त्रागारात शिपाई व कामगार यांनी बंड केले. त्याचे निमित्त करून गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना १७ फेब्रुवारीस मनिलात गळा आवळून मारण्यात आले. त्यांची वस्त्रे उतरविण्याचा सरकारचा आग्रह खुद्द आर्चबिशपने मानला नाही. गोव्यात १७८७ साली पिंटोंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कटात धर्मगुरू पुढे होते, आणि त्यांचीही तक्रार हीच होती की, वरच्या जागा गोऱ्यांना आणि राबणूक आम्हाला. बाप्तिस्म्याच्या पाण्याने वर्ण धुतला जात नाही, ही गोष्ट दोन्हीकडच्या ख्रिस्ती जनतेला अनुभवाने कळली.

होसे रिझालने आपली दुसरी कादंबरी याच तिघांना अर्पण केली. त्याचे घराणे कालांबा येथे डॉमिनिकन पंथाच्या जमिनीवर खंडाने होते. वाढत्या खंडाविरुद्ध गावाने अर्ज केले, दावे लढविले, आणि १८९०–९१ मध्ये सरकारने फौज आणून घरेदारे मोडून त्यांना हुसकले. रिझालचे घराणे मधल्या मक्तेदारांपैकी होते, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या लेखणीत पाद्री जितका स्पष्ट दिसतो तितका तळचा कासामा दिसत नाही. तो दिसला आंद्रेस बोनिफासिओच्या कातिपुनान संघटनेत. १८९५ च्या पवित्र सप्ताहात बोनिफासिओ आपल्या साथींना घेऊन डोंगरातील गुहेत गेला. जिच्यात मरण आणि पुनरुत्थान यांची कथा गायिली जाते तोच मुहूर्त त्याने निवडला. पुढच्या वर्षी क्रांती पेटली. ३० डिसेंबर १८९६ ला रिझालला गोळ्या घातल्या. १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य पुकारले गेले. आणि लगेच अमेरिकेने ते गिळले.

अमेरिकेने धर्म व राज्य यांची फारकत केली, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. ती फारकत कशी झाली पाहा. ज्या जमिनींसाठी क्रांती झाली त्या जप्त करून कुळांना देण्याऐवजी गव्हर्नर टॅफ्टने १९०२ साली व्हॅटिकनशी बोलणी केली आणि पुढच्या वर्षी सुमारे ७२ लाख डॉलर मोजून त्या विकत घेतल्या. मग त्या विकावयास काढल्या. ज्याच्याजवळ पैसा त्याने घेतल्या. मिंडोरो बेटावरील पंचावन्न हजार एकरांच्या आसपासची सान होसे जहागीर अमेरिकन साखर भांडवलाच्या घशात गेली. पाद्री गेला, मालक राहिला. फिलिपाइन्सच्या पुढच्या शंभर वर्षांची किल्ली या एका व्यवहारात आहे, आणि चर्चचे भक्त व चर्चचे टीकाकार दोघेही तिच्याकडे पाहत नाहीत.

याच काळात एक असा माणूस झाला ज्याचे नाव आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावयास हवे. इसाबेलो दे लोस रेयेस याला स्पॅनिश सरकारने बार्सिलोनाच्या माँजुइक किल्ल्यात डांबले होते. तेथे त्याला अराज्यवादी कैदी भेटले. १९०१ साली तो मायदेशी परतला तो समाजवादी ग्रंथ घेऊन. १९०२ च्या फेब्रुवारीत त्याने देशातील पहिला कामगार महासंघ उभा केला आणि ऑगस्टच्या तीन तारखेस, त्याच कामगारांच्या सभेत, रोमपासून स्वतंत्र अशा फिलिपिनो चर्चची घोषणा केली! ग्रेगोरिओ आग्लिपाय हा क्रांतीच्या फौजेबरोबर लढलेला पाद्री तिचा प्रमुख झाला. लाखो लोक, गावेच्या गावे चर्चच्या इमारतींसह, या नव्या चर्चमध्ये आली. त्यांनी १८७२ च्या तीन हुतात्म्यांना आणि रिझालला संत ठरविले. कामगार संघटना आणि चर्च एकाच व्यासपीठावरून जन्माला आलेले दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. १९०६ मध्ये अमेरिकन राजवटीतील सर्वोच्च न्यायालयाने सर्व इमारती रोमच्या चर्चला परत देवविल्या आणि या चळवळीचा कणा मोडला. येथे श्रद्धा हरली नाही. मालमत्तेचा कायदा जिंकला.

आता १९८६ कडे येऊ. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोसने लष्करी कायदा पुकारला तेव्हा बिशपांच्या परिषदेने विरोध केला नाही. कार्डिनल सिन यांचे धोरण ‘टीका करीत सहकार्य’ असे होते. ते बरीच वर्षे चालले. विरोध केला तो खालच्यांनी. १९७४ पासून संन्यासी संस्थांनी राजबंद्यांसाठी कृतिदल चालविले. तुरुंगाच्या दारात ताटकळत उभ्या राहिल्या त्या जोगिणी. नेग्रोस बेटावर ऊसतोडणी मजुरांची संघटना १९७१ साली उभी राहिली तीत पाद्र्यांचा हात होता; तेथील फोर्टिच, मिंडानावमधील क्लाव्हर असे थोडे बिशप त्यांच्या पाठीशी राहिले. ब्रायन गोर, नायल ओब्रायन आणि व्हिसेंते दांगान या तीन पाद्र्यांना सहा कार्यकर्त्यांसह खुनाच्या बनावट खटल्यात १९८३ साली अडकविले. जुलै १९८४ मध्ये तो गुंडाळावा लागला. २० सप्टेंबर १९८५ रोजी एस्कालांते येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन वीस माणसे पडली. या सगळ्यानंतर, निवडणुकीतील लबाडी डोळ्यांआड करणे अशक्य झाले तेव्हा, फेब्रुवारी १९८६ च्या मध्यास बिशप बोलले आणि २२ तारखेस कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांना रस्त्यावर बोलाविले. ते बोलले हे चांगलेच झाले. त्याचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु चौदा वर्षांच्या लढ्याचे पितृत्व शेवटच्या चार दिवसांच्या आवाहनाकडे कसे जाते?

आणि त्या विजयाचे काय झाले? राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोरासोन आकिनो यांच्या माहेरची हासिएन्दा लुइसिता ही सहा हजार हेक्टरांहून मोठी साखर जहागीर, १९५७ साली सरकारी संस्थेच्या कर्जावर, पुढे कुळांना जमीन देण्याच्या अटीवर घेतलेली होती. २२ जानेवारी १९८७ ला जमीन मागत मेंडिओला पुलाकडे आलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेरा मेले. १९८८ चा जमीनसुधारणा कायदा झाला, पण जमिनीऐवजी कंपनीचे शेअर देण्याची पळवाट त्यात होती, आणि लुइसिताने तीच धरली. १६ नोव्हेंबर २००४ ला तेथील संपावर गोळीबार होऊन सात जण ठार झाले. सर्वोच्च न्यायालयाने जमीनवाटपाचा अंतिम निकाल दिला तो २०१२ साली. त्याच वर्षी बिशपांची परिषद सारी शक्ती पणाला लावून एका कायद्याशी झुंजत होती. कोणत्या? गरीब बायकांना सरकारी दवाखान्यातून संततिनियमनाची साधने मिळावीत या कायद्याशी! घटस्फोटाची गोष्टही तीच. मुसलमान नागरिकांना १९७७ पासून तो हक्क आहे. कॅथॉलिक स्त्रीला नाही. २०२४ च्या मे महिन्यात कनिष्ठ सभागृहाने विधेयक संमत केले, ते सिनेटमध्ये अडले.

२०२२ च्या निवडणुकीत शेकडो धर्मगुरूंनी उघडपणे लेनी रोब्रेदो यांना पाठिंबा दिला. २०२० च्या जनगणनेनुसार शंभरांत अठ्ठ्याहत्तरांहून अधिक लोक रोमन कॅथॉलिक असलेल्या देशात त्यांना दीड कोटी मते पडली आणि मार्कोसपुत्राला तीन कोटी सोळा लाख. म्हणजे, ज्यांना आपण पाद्र्यांचे गुलाम म्हणतो त्यांनी पाद्र्यांचा सल्ला धुडकावला होता. त्यांनी वाईट निवड केली असे मी म्हणेन. पण ती आंधळ्या भक्तीने केलेली नव्हती. छत्तीस वर्षे ‘लोकशक्ती’चे गोडवे ऐकून ज्यांच्या नावावर वावभर जमीन चढली नाही अशा माणसांचा त्यात मोठा भाग होता, असे माझे मत आहे. सेबूचा बाळ येशू आणि कियापोचा काळा नाझरेन हे त्यांचे दैवत तेव्हाही होते, आजही आहे. दर ९ जानेवारीस त्या काळ्या मूर्तीचा रथ ओढण्यासाठी अनवाणी जमणाऱ्या लाखोंच्या गर्दीत गोदीकामगार असतात, फेरीवाले असतात, आणि दुतर्तेच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत ज्यांची मुले पोलिसांनी मारली त्या आयाही असतात. त्या मोहिमेत कालोओकानच्या बिशप डेव्हिडनी या आयांना आसरा दिला, आणि २०१९ साली त्यांच्यावरच राजद्रोहाच्या चिथावणीचा आरोप लादला गेला; तो पुढे टिकला नाही. रथाच्या दोराला हात लावण्यासाठी धडपडणाऱ्या त्या गर्दीत शिरून जमिनीची आणि मजुरीची गोष्ट बोलणारे लोक नेग्रोसमध्ये एकदा निघाले होते. त्यांनी कोणाला आधी मूर्ती खाली ठेवावयास सांगितले नव्हते.